वाकळीतली खीर

"मग काय, देवीला कच्ची खीर दाखवायची?"

जोतिरामनं हे विचारलं तेव्हा त्याच्या बोटात किल्ली फिरत होती आणि पाठीमागं टेम्पो उभा होता. टेम्पोत बारा सिलिंडर. बाजूला लाल अक्षरांत रंगवलेलं, 'जोतिराम केटरर्स, गडहिंग्लज. हजार पानं, एकच हाक.'

हौसाक्का चुलवणापाशी बसून सुपात गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कच्ची कशापायी? शिजंल की."

"निम्म्या लाकडात?"

"निम्म्या लाकडात."

"आक्का, डोकं ठिकाणावर हाय न्हवं तुझं? उद्या सहाशे पानं उठायची हाईत!"

आक्कानं सुपातला एक खडा उचलला, उन्हात धरून बघितला आणि बाजूला टाकला.

...

मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. मी म्हणजे वेळंबी गावचा जुना पोस्टमन. चौतीस वर्षं लोकांच्या गोष्टी जशाच्या तशा पोचवल्या, कधी कुणाचं पाकीट फोडलं नाही. ही गोष्टही तशीच पोचवतो. मध्येच माझी जीभ वळवळली तर सांभाळून घ्या, म्हातारा माणूस आहे.

आमच्या गावाला सातेरीची राय आहे. राय म्हणजे देवीसाठी राखलेलं जंगल. तिथलं पानसुद्धा खिशात घालून कुणी बाहेर पडत नाही. वाळकी फांदी पडली तरी तिथंच कुजते. गावानं दोनदा लाकूडचोर पकडून दिलेत, आणि त्या गोष्टी आम्ही अजून पाहुण्यांना मिशीवर ताव देऊन सांगतो.

फक्त एक सूट. माघातल्या भंडाऱ्याचं लाकूड राईचंच लागतं. भंडारा उरकला की त्याच संध्याकाळी कौलानं ठरलेलं एक झाड तोडायचं. ते खोपीत वर्षभर वाळतं आणि पुढच्या माघात देवीच्या चुलवणात जातं. वर आणखी एक रीत. देवीचं लाकूड उरवू नये. उरलंसुरलं असेल तेही गुलाल टाकून जाळात ढकलायचं, म्हणजे नवं झाड तोडायला वाट मोकळी.

बघा म्हणजे. बाहेरच्या चोराला आम्ही राईत शिरू दिलं नाही. आणि आतला चोर दरसाल कपाळाला गुलाल लावून वाजतगाजत जात होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा राईतनं जाताना भर दुपारी पाकिटावरचं नाव वाचता यायचं नाही, इतका काळोख. आता पायरीवर बसून पलीकडच्या डांबरी रस्त्यावरची एस.टी. दिसते. पाटीसुद्धा वाचता येते. झरा पूर्वी वैशाखापर्यंत वाहायचा, आता शिमग्याला हुंदके देतो. गावाचं पिण्याचं पाणी तेवढंच.

यंदाचा कौल आधीच लावला होता. तो पडला झऱ्यावरच्या जांभळावर. दोघांच्या कवेत मावत नाही असं झाड, मुळं थेट पाण्यात. उद्या भंडारा झाला की संध्याकाळी त्याच्यावर कुऱ्हाड पडायची होती.

हौसाक्का चाळीस वर्षं देवीचा स्वयंपाक करत आली. गुरवाघरची विधवा बाई. आणि जोतिराम तिचा चेला. याच चुलवणापाशी तो भात उपसायला शिकला, मग गडहिंग्लजला गेला आणि मोठा झाला. आता त्याच्याकडं चाळीस माणसं कामाला आहेत आणि बोटात तीन अंगठ्या. यंदा आक्कानं त्याला मुद्दाम निरोप धाडून बोलावलं होतं.

...

"सिलिंडर आणलेत मी," जोतिराम म्हणाला. "फुकट. देवीची सेवा. लाकडाला हातच लावायला नको, धूर न्हाई, काही न्हाई. आक्का, जग तापत चाललंय. मी कोल्हापूरला दोन दिवसांचं शिबिर केलंय त्याच्यावर. सर्टिफिकेट हाय माझ्याकडं."

"बरं झालं. ह्यो सिलिंडर कुठनं येतो?"

"कारखान्यातनं."

"त्याच्या आधी?"

"जमिनीच्या पोटातनं... समुद्राखालनं."

"म्हंजे तीबी कुणाची तरी राईच."

जोतिराम हसला. हसण्यात दम नव्हता.

"ठेव टेम्पोत," आक्का म्हणाली. "लागलं तर बघू. आदी निम्म्यात करू."

"निम्म्यात गहू शिजत न्हाई, आक्का! खपलीचा गहू हाय. पहाटेपासनं चार-पाच तास मोठा जाळ लागतो. हे मला कुणी शिकवलं? तूच! 'जाळ दिसला पाहिजे, जोत्या. जाळ मोठा तर आचारी मोठा.' तुझे शब्द हाईत."

आक्काचं सूप थांबलं.

राईत कुठं तरी सुतार पक्षी ठकठकत होता.

"व्हय. माझेच," ती म्हणाली. "चुकीचं शिकवलं मी."

जोतिरामची किल्ली फिरायची थांबली.

"चाळीस झाडं ह्या चुलवणात घातली मी, जोत्या. एकेकाचं नाव ठावं हाय. ऐन, किंजळ, तीन हिरडे... दर साली जाळ बघून लोक म्हणायचे, वा आक्का. मलाबी गोड वाटायचं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "परवा झऱ्यावर गेलो. घागर भरायला घटकाभर लागली. तिथंच बसून रडलो. पाण्यासाठी न्हवं. लाजेनं."

आमच्याकडच्या जुन्या बाया असंच बोलतात, गेलो, बसलो, रडलो. पण तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं, म्हणून मीही पायरीवरनं उठून जरा लांब जाऊन उगीच चप्पल झटकली.

परत आलो तर जोतिराम तिच्यासमोर उकिडवा बसला होता.

"मग मला कशाला बोलावलंस?"

"चुकलेलं ते नव्यानं शिकवायला."

...

तेवढ्यात केरबा गावडे आला. कुऱ्हाडीचा मान त्याच्या घराण्यात आहे. पणजापासनं चालत आलेला. माणूस सरळ, पण रीत म्हटली की दगड.

आक्कानं त्याला खोपीत नेलं. वाळलेल्या लाकडांची रास छातीइतकी उंच होती. तिनं राशीच्या बरोबर मधोमध सुतळी बांधली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"सुतळीच्या वरचं उद्याला," ती म्हणाली. "खालचं माझं न्हवं."

"मग कुणाचं?" केरबानं विचारलं.

"जांभळाचं."

केरबानं डोकं खाजवलं. "आक्का, लाकूड उरवायचं न्हाई, ही रीत हाय."

"रीत हाय. पर ह्या साली उरलं तर?"

"कवा उरलंय?"

"उरलं तर, केरबा?"

तो सुतळीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "उरलं तर कुऱ्हाडीला काम न्हाई. वर्साचं लाकूड घरात असताना झाड पाडायला मी काय येडा हाय? पर सुतळी तुटली, एक ढलपी जरी खालची गेली, तर संध्याकाळी मी जांभळ पाडणार. मग मला कुणी बोल लावायचा न्हाई."

"न्हाई लावणार."

केरबा गेला. जोतिराम कपाळाला हात लावून उभा.

"आक्का, तू झाड पणाला लावलंस."

"ते कवाच लागलंय. कौल पडला तवाच. तू शिबिराला व्हतास."

...

"आता मला काय करायचं ते सांग," जोतिराम म्हणाला. बाह्या वर केल्या होत्या.

"गावात जा. घरटी एक वाकळ मागून आण."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची, धोतरांची हातशिलाईची गोधडी. आमच्याकडं घरोघर असते.

"वाकळ? मी? आक्का, माझी माणसं पाठवतो."

"माणसं न्हाई. तू."

"जोतिराम केटरर्सचा मालक दारोदार वाकळा मागत फिरणार?"

"जोत्या फिरणार," आक्का म्हणाली आणि परत सूप हातात घेतलं.

मी त्याच्याबरोबर गेलो. गावातलं दार न् दार मला ठाऊक, कुणाचं कुत्रं चावतं तेही. पहिल्या तीन घरांत तो तोंडच उघडेना. मीच बोललो. चौथ्या घरी पारूबाई म्हणाली, "खिरीला थंडी वाजती व्हय रं?" आणि सगळी आळी हसली. जोतिरामचे कान लाल झाले.

पण वाकळ दिली हो. सगळ्यांनी दिली. एकीनं दोन्ही हातांनी पुढं केली आणि म्हणाली, "माझ्या आईच्या लुगड्यांची हाय, भावा. सांडू नको कायबी." जोतिरामनं आधीच्या वाकळा दोन बोटांत धरल्या होत्या. ती त्यानं छातीशी धरली.

परत येताना त्याच्या डोक्यावर एवढा ढीग की खालचा माणूस दिसत नव्हता. एकतीस वाकळा. केटररचा पार परीट झाला म्हणून मी हसलो. तोही हसला. या वेळी बरा हसला.

देवळामागं आक्कानं तीन खड्डे काढून घेतले होते. तळाला आणि कडेला भाताचं पिंजर दाबून भरलेलं.

जोतिरामनं खड्ड्यांकडं बघितलं, वाकळांकडं बघितलं, आणि त्याच्या ध्यानात आलं.

"हंडे ह्यात पुरायचे?"

"लावणीच्या दिसांत माझी सासू डेचकं उकळून पिंजरात पुरायची आन शेताला जायची. दुपारी आलं की आमटी तयार. घरात कुणी न्हाई, चुलीत जाळ न्हाई."

"तुला हे माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मग चाळीस वर्सं का न्हाई केलंस?"

आक्का पिंजर दाबत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"लाकूड व्हतं म्हणून," ती म्हणाली.

...

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना चुलवण पेटलं. कांडून रात्रभर भिजवलेला गहू तीन हंड्यांत चढला. आमटी-भाताला फार लाकूड लागत नाही. झाड खाते ती खीर.

उकळी आली. गहू खदखदायला लागला. जोतिरामनं गुळाची ढेप फोडून परात भरली आणि हंड्याकडं वळला.

आक्कानं त्याच्या मनगटावर पळी मारली. चांगली वाजली.

"कशाला?"

"आत्ताच घालून ठेवतो. झाकल्यावर परत उघडायला नको."

"हजार पानं वाढतोस आन येवढं इसरलास? गहू शिजला न्हाई तवर गूळ घालायचा न्हाई. आदी गोड घातलं की गहू आडून बसतो. मंग जलमभर जाळ घाल, दाताखाली कचकच."

"व्हय, व्हय... घाईत चुकलं," जोतिराम पुटपुटला आणि परात बाजूला ठेवली. चाळीस माणसांचा मालक, आणि कानकोंडा झाला.

अर्धा-पाऊण तास खळखळ उकळल्यावर आक्का म्हणाली, "उतरवा."

"आक्का, दाणा अजून टणक हाय!"

"उतरवा."

आठ जणांनी वासे घालून हंडे उचलले आणि खड्ड्यांत सोडले. वरनं झाकण, झाकणावर पिंजर, पिंजरावर वाकळा. दहा, दहा, अकरा. आक्कानं स्वतः कडा खोचल्या, लहान मूल निजवल्यावर खोचतात तशा. मग चुलवणातली जळती लाकडं ओढून राखेत दाबली. जाळ विझला.

सहाशे माणसांचा भंडारा आणि चुलवण थंड. मी जन्मात बघितलं नव्हतं.

खोपीत जाऊन बघितलं. आमटी-भाताचं लाकूड बाजूला काढल्यावर रास सुतळीला टेकली होती. वर काही नाही.

"आता काय करू?" जोतिरामनं विचारलं.

"बस."

"बसून काय करू?"

"हात मांडीवर ठेव."

...

नऊ वाजले. तो बसला.

साडेनऊ. तो उठला, फेरी मारली, बसला.

दहा वाजता आक्का झऱ्यावर हातपाय धुवायला गेली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग... जोतिरामनं इकडंतिकडं बघितलं आणि मधल्या हंड्याच्या वाकळा काढल्या. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत झाकण बाजूला. वाफेचा लोट उठला. त्यानं पळी घातली, ढवळलं, दाणा चिमटीत घेऊन दाबला, चावला, फुंकर मारून आणखी एक चावला. मग त्याच्या आचाऱ्याला हाक मारून बोलावलं, तूही बघ म्हणून. दोघं उघड्या हंड्यावर वाकून वाद घालायला लागले, निम्मा झाला की पाऊण झाला.

मागं आक्का उभी होती. पाय ओले.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती.

जोतिरामनं घाईनं झाकण लावलं. "निम्मा शिजलाय, आक्का! खरंच शिजतोय!"

"शिजत व्हता."

जोतिरामनं पळी खाली ठेवली.

"जेवढं बघत बसलास तेवढं निवलं. पी हळद आन हो गोरी, असं नसतंय, लेकरा."

त्याचा चेहरा पडला. तो पळत खोपीत गेला आणि तसाच परत आला. "परत उकळी द्यायची तर सुतळीखालचं काढावं लागंल. आक्का... सिलिंडर लावू? एकच हंडा हाय. कुणाला कळणार न्हाई."

"तुला कळंल की."

"मग काय करू? दोन हंड्यांत सहाशे पानं न्हाई व्हायची! लोक एक वाजता बसणार. माझ्यापायी ते जांभळ..." खरंच रडकुंडीला आला होता. अंगठ्या घातलेला हात तोंडावर दाबून उभा राहिला.

आक्कानं हंडा पुन्हा गुंडाळला. कडेच्या दोन्ही हंड्यांवरची एक-एक वाकळ काढून त्याच्यावर घातली. मग वर मान करून सूर्याकडं बघितलं.

"गाव दोन वाजता जेवंल."

"गाव थांबतंय व्हय, आक्का?"

"जा. सांगून ये."

"काय सांगू?"

"खरं."

तो गेला. देवळासमोर पाच-पन्नास माणसं आधीच जमली होती. जोतिरामनं घसा खाकरला. 'हजार पानं, एकच हाक'वाला माणूस, पण हाक निघेना. शेवटी म्हणाला, "मंडळी... मी झाकण उघडलं. माझी चूक झाली. जेवण एक तास उशिरा हाय. लाकूड आणखी घातलं तर लगेच हुईल. पर जांभळ जाईल."

पारूबाईच म्हणाली, "एक तासानं कुणी मरतंय व्हय? भजन म्हणा की तवर."

आणि भजन झालं. बेसूर झालं, पण झालं. केरबाही येऊन बसला. कुऱ्हाड पुसून, हळदीकुंकू लावून आणलेली. ती त्यानं मांडीवर आडवी ठेवली आणि टाळ्या वाजवायला लागला.

जोतिराम परत हंड्यांपाशी येऊन बसला. आता हात मांडीवर होते.

...

बाजूला काढलेल्या लाकडावर आमटी-भात झाला. पावणेदोनला आक्का म्हणाली, "उघड."

"तू उघड."

"उघड म्हटलं न्हवं!"

त्यानं पहिला हंडा उघडला. वाफ त्याच्या तोंडावर आली. पळीवर चार दाणे घेतले, बोटानं दाबले. लोण्यासारखे पसरले. दुसरा हंडा. तसाच. मधल्या हंड्याचं झाकण धरून तो नुसता उभा राहिला, मग डोळे मिटून उचललं.

शिजला होता. किंचित दाणेदार, पण शिजला होता.

"गूळ," आक्का म्हणाली.

परात रिकामी झाली. गरम गव्हात गूळ विरघळला, वेलदोड्याचा वास सुटला, आणि त्या आडदांड माणसानं आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला खांद्याला धरून उठवलं आणि पळी हातात दिली. लोक वाट बघत होते.

पंगती उठल्या. खीर पुरली, दुसऱ्यांदा वाढली, तरी तळाला उरली. मी तीन वाट्या खाल्ल्या. डॉक्टरला सांगू नका.

केरबा जेवून खोपीत गेला. आम्ही सगळे बाहेर उभे. मग तो बाहेर आला.

"सुतळी हाय तशी हाय," तो म्हणाला. जरा गोंधळल्यासारखा दिसत होता. पणजापासनं चालत आलेल्या कामाची सुट्टी पडली होती बिचाऱ्याला. "मग मी... घरी जाऊ?"

"आणखी खीर घे आन जा," आक्का म्हणाली.

त्यानं घेतली.

आता आमच्या गावात दुपारी कुणाच्याही घरी जा, कोपऱ्यात वाकळीत गुंडाळलेलं डेचकं दिसेल. एकदा एक सरकारी पाहुणा त्यालाच घरातलं आजारी माणूस समजून हळू आवाजात बोलत बसला होता. जोतिरामच्या गडहिंग्लजच्या भटारखान्यातसुद्धा आज डाळ अर्ध्या गॅसवर उकळून लाकडी पेटीत झोपते, पिंजराच्या गादीवर. पण हे सगळं नंतरचं. ती संध्याकाळ अजून संपायची होती.

...

उन्हं राईवर कलली होती. आक्का वाकळा झटकून घड्या घालत होती. कुणाची कुठली ते तिला शिवणीवरून कळत होतं.

जोतिराम मोबाइल घेऊन जांभळाचे फोटो काढून आला. तोंड नुसतं फुललेलं.

"आक्का, ठरलं! उद्याच देवळासमोर मोठा बोर्ड लावतो. 'वेळंबी, जांभळ वाचवणारं गाव.' तुझा सत्कार, केरबाचा सत्कार. पेपरवाल्याला फोन केलाय. काल मला वाटत व्हतं, एका हंड्यानं जगाचं काय होतंय? आता वाटतंय, जग म्हंजे तरी काय, हंडेच की सगळे! शंभर गावांत दाखवतो हे. जिंकलो आपण, आक्का!"

आक्कानं घडी केलेली एक वाकळ त्याच्या हातावर ठेवली. ती आईच्या लुगड्यांची होती. त्यावर काही सांडलं नव्हतं.

"पुढच्या माघात लाकूड किती लागंल?" तिनं विचारलं.

"आजच्याएवढं. हाय की सुतळीखालचं."

"आन त्याच्या पुढच्या माघात?"

जोतिरामनं एका हातानं मोबाइल खिशात सारला.

झऱ्याचा आवाज येत होता. बारीक, पण येत होता. आक्कानं दुसरी वाकळ त्याच्या हातावर ठेवली, मग तिसरी. ढीग हनुवटीपर्यंत आला.

"घरोघर देऊन ये. ज्याची त्याला."

"देतो," तो म्हणाला. दोन पावलं गेला आणि ढिगाआडून वळला. "पर आक्का, बोर्डाचं काय करू?"

आक्का राईकडं बघत होती...

"गहू अजून टणक हाय, जोत्या. गूळ आत्ताच घालू नको."